जब्दीच्या होडीत राहिलेल्यांचे शिष्यपण

वसई ते उत्तन या पट्ट्यात, नात्यात एकही फादर किंवा सिस्टर नाही असे कॅथलिक घर शोधूनच काढावे लागेल. मुलाची गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याचा विधी, असते तेव्हा मांडव पडतो, बँड येतो, गावाला जेवण असते आणि आईच्या चेहऱ्यावर जे तेज दिसते ते त्याच्या भावाच्या लग्नातही दिसलेले नसते. कौतुक योग्यच आहे. अख्खे आयुष्य देऊन टाकणे ही लहान गोष्ट नाही. पण त्याच मांडवात जेवायला बसलेल्या बाकीच्यांच्या मनात एक सोयीचा हिशेब पक्का होत असतो. येशूच्या मागे जायचे ते हा गेला. आता आपण आपला संसार, आपली वाडी, आपली होडी बघायला मोकळे. घराने एक मुलगा दिला, घराचे देणे फिटले.

प्रोटेस्टंट मंडळींनी इथे हसू नये. त्यांच्याकडे हेच देणे संस्थांनी फेडलेले असते. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रुग्णालय उभारले, डॉ. गोहीन यांच्यासारख्यांनी तिथे वर्षानुवर्षे काम केले, आणि त्या पुण्याईवर पुढच्या पिढ्या ‘आमच्या लोकांनी केवढी सेवा केली’ असे सांगत निवांत बसल्या. फादर असो की डॉक्टर, शिष्य होण्याचे काम आपण दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकलेले आहे.

माझे म्हणणे असे, की ख्रिस्ती शिष्यपण निघून गेलेल्यांमध्ये शोधण्याआधी मागे राहिलेल्यांमध्ये शोधायला हवे. आणि कोकण किनाऱ्यावर ते शोधायच्या जागा प्रार्थनेच्या खोलीत कमी आणि सातबाऱ्यावर, मजुरीच्या वहीत जास्त आहेत. ही गोष्ट श्रद्धेच्या खासगी कप्प्यात ढकलून चालणार नाही, कारण या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती माणसाजवळ जमीन आहे, होड्या आहेत, शाळा आहेत, हाताखाली माणसे आहेत. तो कसा वागतो याचा परिणाम ख्रिस्ती नसलेल्यांच्या चुलीवरही होतो.

मार्कच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, गालील समुद्राच्या काठचा प्रसंग येतो. आमच्या कोळ्यांना तो आपल्याच बंदरावरचा वाटतो. येशू काठाने चालत येतो. पेत्र आणि अंद्रिया जाळी टाकून त्याच्यामागे निघतात. थोडे पुढे याकोब आणि योहान होडीत जाळी नीट करत बसलेले असतात, तेही उठतात. प्रवचन सहसा इथे संपते. मार्कचे वाक्य मात्र इथे संपत नाही. त्या दोघांनी आपल्या बापाला, जब्दीला, मोलकऱ्यांबरोबर होडीत सोडले, असे तो लिहितो. मोलकऱ्यांचा हा तपशील मत्तय देत नाही, लूकही देत नाही. म्हणजे जब्दी मोलाने माणसे ठेवणारा नाखवा होता. दोन तरणे मुलगे निघून गेले तरी दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात लोटायची होतीच. जाळे अर्धे शिवलेले, मोलकऱ्यांची मजुरी द्यायची, जकातदाराचे तोंड भरायचे.

पुढे जब्दीचे काय झाले हे शुभवर्तमान सांगत नाही, आणि आपणही कधी विचारत नाही. पण रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बाकांवर बसलेली माणसे मोजा. याकोब-योहान एखाद-दुसरा निघेल. बाकी सगळे जब्दी.

येशूने भेटेल त्याला घर सोडायला लावले, असेही नाही. गरसेकरांच्या प्रदेशातला भूतग्रस्त बरा झाल्यावर होडीपाशी येऊन विनवतो की मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशू नाही म्हणतो. घरी जा, आपल्या माणसांत जा, असे सांगतो. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. त्याला ‘माझ्यामागे ये’ असे येशू म्हणतच नाही, उलट स्वतःच त्याच्या घरी मुक्कामाला जातो. यापो हे तर बंदराचे गाव. तिथल्या टबीथेला प्रेषितांच्या पुस्तकात सरळ शिष्या म्हटले आहे, आणि तिची कामगिरी काय, तर विधवांसाठी अंगरखे शिवणे. ती मेली तेव्हा त्या विधवा पेत्राला ते कपडे काढून दाखवत रडत होत्या. येशूच्या सोबत्यांचा रोजचा खर्च चालवणाऱ्या योहान्ना आणि सुसान्ना होत्याच. खुद्द पेत्राने तरी होडी कुठे विकली होती? पुनरुत्थानानंतर तो ‘मी मासे धरायला जातो’ म्हणून उठतो, तेव्हा होडीही असते आणि जाळेही असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली हेच अधिकृतपणे लिहून ठेवले, की पवित्रतेचे पाचारण प्रपंचातल्या माणसालाही तितकेच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये पुन्हा सांगितले, की बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण शिष्य आणि प्रेषितकार्याचा वाटेकरी आहे. कागदावर हा प्रश्न कधीच निकाली निघाला. आमच्या गावात तो निघालेला नाही. वसईचा गोन्सालो गार्सिया घ्या. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारलेल्या सव्वीस जणांतला हा एक, १८६२ मध्ये संत झाला. त्याचा सण आम्ही थाटात करतो. तो व्यापारी होता, फादर कधीच झाला नाही, फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून राहिला आणि दुभाष्याचे काम करत होता, ही बाजू मात्र सणाच्या प्रवचनांत अभावानेच ऐकू येते. हुतात्मा झालेला संत परवडतो, कारण तो आपल्याला दुकानाचा हिशेब विचारत नाही.

आता सातबाऱ्याकडे येऊ. वसईची वाडी म्हणजे केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा, विहीर आणि बावखल, म्हणजे वाडीतले छोटे तळे. पहाटेच्या लोकलने फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईला गेलेल्या बायकांनी ही घरे उभी केली. त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्यावर मुलगे शिकले, परदेशी गेले, फादर झाले. पुढे मुंबई इतकी जवळ आली की जमीन गुंठ्यावर विकली जाऊ लागली, आणि ज्या वाडीला कधी काळी कुणी फार भाव देत नव्हते ती घरातल्या प्रत्येक भावाच्या झोपेत येऊ लागली. बहिणीच्या मात्र येता कामा नये, अशी व्यवस्था आहे.

कायदा काय सांगतो? ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. विधवेला एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलगे आणि मुली यांच्यात सारखे. मुलगी लग्न झालेली आहे की नाही, याला काही किंमत नाही. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडले. आमच्या मुलींना समान वाटा कागदावर त्याच्या ८० वर्षे आधीपासून आहे. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याखाली ख्रिस्ती मुलींना भावाच्या तुलनेत नाममात्र वाटा मिळे. मेरी रॉय यांनी तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९८६ साली जिंकला. आमच्याकडे असा खटला करायची वेळच आली नाही. आमच्याकडे हक्कसोडपत्र होते, म्हणजे बहिणीने आपला वाटा सोडल्याचा सहीचा कागद.

त्याची रीत या भागातल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. बाप जातो. महिन्याची मिस्सा होते, कबरीवर फुले वाहून सगळे घरी येतात, चहा होतो. आणि मग थोरला भाऊ, किंवा बहुधा त्याच्या वतीने एखादा काका, विषय काढतो. ‘बाय, दुय्यम निबंधकाकडे एक दिवस यावे लागेल. सहीपुरते. तुझ्या लग्नात बाबांनी केलेच की सगळे. उद्या सणावाराला यायचे तर माहेर राहायला नको का?’ शेवटच्या वाक्यात सगळा दम असतो. तिथे कुणी धमकी दिलेली नसते. दिलेले असते ते फक्त माहेर, आणि ते सहीच्या बदल्यात.

काही बहिणी मनापासून सोडतात. भावाने आईबापांचे अंथरुणातले दुखणे काढले, वाडी कसली, विहिरीचे कर्ज फेडले. तिला वाटते की हे त्याचेच. अशा बहिणीशी माझे काही भांडण नाही, आणि अशा भावाशीही नाही. परीक्षा साधी आहे. तिने सही केली नसती तर नाताळात तिला कुसवार, म्हणजे सणाचा फराळ, घ्यायला बोलावले असते का? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर तिने दिले ते दान. ‘नाही’ असेल तर घेतली ती किंमत, मग कागदावर ‘स्वखुशीने’ असे कितीही ठळक लिहिलेले असो.

आणि हाच भाऊ उपवासकाळात चाळीस दिवस मटण-मच्छीला हात लावत नाही, दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला हजर असतो. मी त्याला ढोंगी म्हणत नाही. त्याचे उपास खरे आहेत, अश्रूही खरे आहेत. त्याला कुणी कधी सांगितलेच नाही की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे. कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, बसून तो शिव्या दिल्याचे सांगतो, मिस्सा चुकल्याचे सांगतो, दारूचे सांगतो. बहिणीच्या सहीचे सांगत नाही, कारण ते त्याच्या लेखी पापच नाही. तो घरगुती व्यवहार आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा पाठ करून घेताना ‘चोरी करू नकोस’चे उदाहरण म्हणून पेन्सिलीच्या चोरीपलीकडे आपण कधी गेलो आहोत?

वसईच्या ख्रिस्ती समाजाने जमिनीसाठी लढाई दिलीच नाही असे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने बिल्डर आणि गुंड यांच्या विरोधात जे आंदोलन उभारले, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. धर्मगुरूने रस्त्यावर यावे का, अशी कुजबुज तेव्हा चर्चमध्येही झालीच. दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले तेव्हा सगळ्या पक्षांनी आणि धर्मांनी त्यांना शिष्य म्हणूनच निरोप दिला, असे मला वाटते, हा शब्द कुणी वापरला नसला तरी. पण त्या लढाईत शत्रू दिसत होता. तो बाहेरून येत होता, गाडीतून उतरत होता, त्याच्याजवळ हत्यारे होती. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. आपणच पॉवर ऑफ अटर्नी करून दिली, आपणच बावखल बुजवू दिले, आपणच बहिणीला वगळून फेरफार करून घेतला, याविरुद्ध मोर्चा कुठून कुठे काढायचा?

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो शुभवर्तमानातूनच येतो, म्हणून तो बाजूला सारता येत नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वारशाची वाटणी करायला सांगा. आणि येशू म्हणतो, अरे, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमले? झाले. भावांच्या हातात कोलीत. ‘खुद्द प्रभूने वाटणीत पडायचे नाकारले, मग फादरांनी आणि लेख लिहिणाऱ्यांनी कशाला पडावे?’ हे मी ऐकलेले आहे, आणि बोलणारा माणूस बायबल वाचणारा होता.

पण मग पुढचे वाक्य वाचायलाही हवे. येशू त्या माणसाकडून सगळ्यांकडे वळतो आणि म्हणतो, सांभाळा, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा. आणि लगेच त्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, ज्याच्या शेताला उदंड पिकले, ज्याने कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले आणि त्याच रात्री मेला. म्हणजे तलाठ्याचे काम त्याने नाकारले, बोलायचे नाकारले नाही. उलट, गोष्ट सांगितली ती पुष्कळ साठवून बसलेल्या माणसाची. लोभ मागणाऱ्याच्याच पोटात असतो असे आपण धरून चालतो. धरून बसलेल्याच्या पोटातही तो असतो, फक्त त्याला मागावे लागत नाही म्हणून तो दिसत नाही.

आणि येशूला वाटणी करणारा व्हायचे नव्हते याचे कारण मला तरी असे दिसते, की शिष्याला वाटणी करणारा लागू नये. जक्कयाला कोणत्या न्यायालयाने नोटीस बजावली होती? त्याच्या घरी जेवण चालू आहे, बाहेर लोक कुरकुरताहेत, आणि तो आपण होऊन उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट. कायद्याने मागितले त्याहून जास्त. ‘आज या घराला तारण झाले आहे’ असे येशू म्हणतो ते त्यानंतर. न्यायाधीशाची गरज न पडता बहिणीचा वाटा भाऊ स्वतःच तिच्यापुढे ठेवतो, असे एक घर प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, दिसले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. काही घरे आहेत. त्यांची नावे कुणी घेत नाही, कारण बाकीच्यांना ती अडचणीची होतात.

मोलकऱ्यांचा प्रश्न याहून जुना. वाडीत काम करायला पूर्वेकडच्या पाड्यांवरून आदिवासी बाया-पुरुष येतात. होडीवर खलाशी म्हणून पालघर-डहाणूकडची माणसे असतात. खाली रत्नागिरीच्या बंदरात तर नेपाळचे तरुणही दिसतात. हंगामाच्या सुरुवातीला उचल दिली जाते. पुढे डिझेल, बर्फ, रेशन वजा होत जाते आणि हिशेब शेवटी होतो. वही मालकाजवळ असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत खलाशाच्या घरी काय शिजते हे त्याला पुन्हा उचल मागायला यावे लागते तेव्हाच मालकाला कळते. आणि ती उचल पुढच्या हंगामाला बांधून टाकते.

मालकाची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. डोल, म्हणजे एका जागी बांधलेले जाळे, लावणाऱ्या छोट्या नाखव्याच्या हाती पूर्वीसारखी मासळी लागत नाही. डिझेल परवडत नाही. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी रात्री समुद्रावर दिवे दिसतात, आणि मोठ्या वेढ्याच्या जाळ्याचे पर्ससीनवाले एका फेऱ्यात त्याचा महिना उचलून नेतात. त्यात वाढवणला बंदर होऊ घातले आहे. २०२४ साली मंजूर झालेला हा ७६ हजार कोटींहून मोठा प्रकल्प आपल्या मासेमारीच्या जागा गिळेल, या भीतीने किनारपट्टी कधीची अस्वस्थ आहे. अशा माणसाला मजुरीचे प्रवचन देणे सोपे आणि निर्लज्जपणाचेही आहे, हे मला मान्य.

तरी लेवीय ग्रंथात लिहिलेले आहे तसेच आहे: मोलकऱ्याची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस. हे उपदेशाचे गोड वाक्य नाही, कामाचा नियम आहे, तोही राजेमहाराजांना नाही तर साध्या शेतकऱ्यांना घातलेला. नव्या करारात याकोबाच्या पत्रात ती अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तिची हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. (हा याकोब जब्दीचा मुलगा नव्हे, परंपरा त्याला प्रभूचा भाऊ मानते. पण जब्दीच्या होडीतल्या मोलकऱ्यांना ते पत्र वाचून दाखवले असते तर त्यांना ते ओळखीचे वाटले असते.) मासळी कमी आली तर वाटा कमी होणार, हे खलाशालाही कळते. त्याला वही दाखवायला मात्र जास्त मासळी लागत नाही. हंगाम सुरू होताना फादर होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा त्या होडीवरचा वारली खलाशीही हात जोडून उभा असतो. त्याच्या नावाचे पान त्याला वाचून दाखवले जाते का, एवढे त्या दिवशी विचारले तर आशीर्वादाला काही उणेपणा येणार नाही.

जातीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलण्यासारखे खूप आणि वाद घालण्यासारखे काहीच नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, आदिवासी. बोली, पेहराव, जेवण वेगळे असणे ही श्रीमंती आहे. सोयरीक ठरवताना तीच श्रीमंती कुंपण होते, आणि ते कुंपण बाप्तिस्म्याच्या पाण्याने ओले झालेले असते इतकेच.

‘तारण कृपेने मिळते, कृतीने नाही, तुम्ही शिष्यपणाचा हिशेब मांडून लोकांना पुन्हा नियमशास्त्रात ढकलता,’ असे प्रार्थनासभांमधले माझे मित्र म्हणतील. पौलाचे ते म्हणणे मी नाकारत नाही. पण जक्कयाच्याच घरी पाहा: येशू आधी आत गेला. अर्धी मालमत्ता वाट, मग येतो, असे तो म्हणाला नाही. कृपा आधी आली आणि हिशेब नंतर. पण हिशेब आला. ज्या घरात कृपा वीस वर्षे मुक्कामाला आहे आणि हिशेबाची वही अजून कुलपातच आहे, त्या घरात नेमके कोण उतरले आहे, हे एकदा पाहायला नको का? मनात आलेला आनंद, डोळ्यांत आलेले पाणी, टाळ्या वाजवून म्हटलेली गाणी या सगळ्याला जागा आहे. खलाशाच्या मजुरीची जागा त्यांनी घेऊ नये.

दुसरी कुजबुज जास्त खरी आहे, कारण तिच्यामागे भीती आहे. ‘दिवस वाईट आहेत. प्रार्थनेला चार माणसे जमली तरी धर्मांतराचा संशय येतो, कायद्याची भाषा चालू आहे. अशा वेळी घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला?’ भीती खरी आहे, म्हणून ती हसण्यावारी नेत नाही. ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ हे मत्तयाच्या शेवटचे वाक्य आज किनाऱ्यावरच्या पुष्कळ शेजाऱ्यांना आकडे वाढवण्याची योजना वाटते. पण त्यांना तसे वाटण्याला आपण हातभार लावलेला नाही का? आपणही शिष्य मोजले ते बाप्तिस्म्याच्या वहीतच.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे खुपले होते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याची केवढी किंमत मोजली ते मराठी वाचकाला सांगायला नको. तरीही आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. पुढे दोन वर्षांत ते गेले आणि दरबार मूळ धरण्याआधीच थांबला. चर्चच्या दृष्टीने त्या कल्पनेत अडचणी होत्या. बाप्तिस्मा मलाही ऐच्छिक वाटत नाही. पण टिळकांची मांडणी उलटून पाहिली की ती आजही टोचते. वहीत नाव नसलेला शिष्य असू शकतो, तर वहीत नाव असलेला शिष्य नसूही शकतो. बाहेरचा शेजारी आपल्याला या दुसऱ्या बाजूनेच ओळखतो. आमची वही त्याने पाहिलेली नसते; आपल्या वाडीत त्याच्या भाचीला काय मजुरी मिळते ते त्याला माहीत असते. चव्हाट्याची भीती बाळगायची तर हे लक्षात घेऊन बाळगावी.

मग करायचे काय? मोठी परिषद नको, ठराव नको. लग्नाआधी जोडप्यांना जे वर्ग करावे लागतात, त्यांत संवाद, संततिनियमन आणि सासू-सुनेचे नाते यांवर तास असतात. तिथे एक तास १९२५ च्या कायद्याला द्यावा, वकील बोलवावा आणि मुलाला मुलीसमोर विचारावे की तुझ्या बहिणीचे काय ठरले आहे. छोट्या ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत जपमाळ झाल्यावर चहा येईपर्यंत पंधरा मिनिटे असतातच. त्यात आपल्या आळीत कोण कुणाच्या हाताखाली काम करतो आणि आजारी पडल्यावर त्याचा रोज बुडतो का, एवढे तरी बोलता येईल.

पण या सगळ्याआधी चर्चने स्वतःची वही उघडावी. १९८३ च्या कॅनन कायद्याचे १२८६ वे कलम सांगते, की चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी कामावरच्या माणसांना न्याय्य आणि त्यांच्या कुटुंबाच्या गरजा भागतील असे वेतन द्यावे. म्हणजे सॅक्रिस्टन (वेदी आणि उपासनेचे सामान सांभाळणारा), कबरी खणणारा माणूस, शाळेची स्वच्छतागृहे धुणाऱ्या कंत्राटी बाया, हॉलचा रखवालदार. सणाला रोषणाई आणि बँड यांवर खर्च होतो त्याच्या शेजारी या चौघांचे वर्षाचे वेतन लिहून नोटीस बोर्डावर लावावे. देवळानेच आपल्या मोलकऱ्याचा हिशेब झाकून ठेवला तर नाखव्याला बोलायला तोंड कुठून आणायचे?

असे विचारायला लागलो तर माणसे चर्चला यायची बंद होतील, असे एक फादर मला म्हणाले. होतील काही. पुष्कळ मालमत्ता असलेला एक माणूस खुद्द येशूपुढून खिन्न होऊन निघून गेला होता, आणि अट थोडी सैल करतो, असे म्हणत येशू त्याच्यामागे धावला नाही. पण राहतील त्यांच्यात बहिणी असतील, खलाशी असतील, आणि आजवर तोंडावर बोट ठेवून मागच्या बाकावर बसलेले दोन-चार भाऊही असतील. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, असा नियम आहे, आणि तिच्यात प्रपंचातलीच माणसे बसतात. स्वच्छतागृह धुणाऱ्या बाईंच्या पगाराचा विषय पुढच्या बैठकीला घ्यायला बिशपांच्या पत्राची वाट बघावी लागत नाही. समितीतल्या एका सभासदाने तो लेखी दिला तरी पुरे.